शेवटचा ट्रॅक खराब आहे

सोमवार, संध्याकाळ

ताईने ही वही दिली आणि म्हणाली, "राग आला की यात लिहीत जा. लोकांच्या अंगावर जाऊ नकोस." मी म्हटलं, मला राग येत नाही. ती हसली. मी ताट ढकललं. भावोजी भाजी वाढून घेत म्हणाले, "झाली पहिली शिट्टी."

घरात मला कुकर म्हणतात. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं तेही मी रागाने सोडलं, असं ही दोघं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. साफ खोटं. वर्कशॉपच्या सरांनी मी घासघासून केलेला लोखंडाचा तुकडा कोपऱ्यात फेकला, मी त्यांचा हातोडा खिडकीबाहेर फेकला, आणि मग पूर्ण विचारांती कॉलेज सोडलं.

आता नोकरीला आहे. बोलत्या पुस्तकांचं ग्रंथालय. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी इथे लोक येऊन पुस्तकं मोठ्याने वाचतात. ते काचेपलीकडे, स्पंज लावलेल्या खोलीत. मी काचेअलीकडे, रेकॉर्डिंगच्या यंत्रापाशी. वाचणारा चुकला की मी हात वर करतो आणि माइकवर म्हणतो, "पूर्णविरामापासून." मग तो मागच्या पूर्णविरामावर जाऊन पुन्हा वाचतो.

तिच्या बाबतीत मी कधीकधी ती चुकलेली नसतानाही हात वर करतो.

ती म्हणजे वाचिका. गेलं जवळजवळ वर्षभर येते. सध्या एक जाडजूड रहस्यकथा वाचतेय. 'दार हळूच उघडलं' एवढं ती म्हणाली तरी माझ्या मानेवर काटा येतो. मला 'अहो' म्हणते. "अहो, पाणी ठेवाल का?" जवळजवळ एवढंच आमचं आजवरचं बोलणं, पण त्यात बरंच काही आहे.

आज ती स्कूटरवर आली. मागे एक माणूस. हेल्मेट घातलेला, पोट सुटलेला, चक्क तिच्या खांद्यावरून वाकून हँडलकडे हात करत होता. भर रस्त्यात! स्कूटरच्या पुढच्या पाटीवर लाल रंगात एक मोठं अक्षर चिकटवलंय. त्याच्या नावाचं आद्याक्षर असणार. इथवर मजल गेली आहे.

मला राग आलेला नाही.

मंगळवार

आज तिची रहस्यकथा संपली. शेवटचं वाक्य वाचून तिने पुस्तक मिटलं, काचेतून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "सुटलो बाई!" मी सुटलो नाही, हे तिला कोण सांगणार? पुढचं पुस्तक अजून ठरलेलं नाही. म्हणजे उद्याची तपासणी झाली की ती येणार कशाला?

ती गेली. सगळे जेवायला गेले. मी तिच्या खुर्चीत बसलो, माइक ओढला, आणि बोललो. लिहून काढलं नव्हतं, जे आलं ते आलं. सुरुवात तिच्या आवाजाने केली, मग माझं बालपण घेतलं, मग हातोड्याची खरी हकिकत, मग हेल्मेटवर चार शब्द बोललो. चाराचे जरा जास्त झाले. 'निर्लज्ज' हा शब्द वारंवार आला, पण प्रत्येक वेळी वेगळ्या सुरात. शेवट केला, "आपलाच, काचेअलीकडचा."

यंत्राने नेहमीप्रमाणे पुढचा आकडा देऊन ट्रॅक ठेवून दिला. आमचे ट्रॅक सगळे नुसत्या आकड्यांचेच असतात. उद्या ती शेवटचं प्रकरण तपासायला येईल, तेव्हा हेडफोन देईन आणि म्हणेन, एक ट्रॅक राहिला. वा!

जाताना तिच्या पुस्तकाचा बॅकअप लावून दिला. पुस्तक पुरं झालं की ते अख्खं फोल्डर टेपवर जातं, अशी आमची पद्धत. मी कामात कधी कसूर करत नाही.

बुधवार, दुपार

सकाळीच आली. हेल्मेटसोबतच. दारात उतरताना दोघं इतकी हसत होती की हेल्मेटला हेल्मेट काढून डोळे पुसावे लागले. आत येऊन ती मला म्हणाली, "अहो, आज तपासायला वेळ नाही हो. उद्या चालेल?" आणि गेली. स्कूटर तीच चालवत होती, तो मागे आरामात. मेहनत हिची, ऐश याची.

मी सर्व्हरवर गेलो आणि काल बोललेला तो ट्रॅक पुसून टाकला. कायमचा. प्रकरण संपलं. मग टेबलाला एक लाथ मारली. हलकीच.

त्याच सुमारास नेमकी वीज गेली. म्हणजे फक्त माझ्या टेबलाची गेली, बाकी दिवे चालू होते. टेबलाखाली एक्स्टेन्शन बोर्ड आहे, त्यातून प्लग निसटला होता. इमारत जुनी, वायरिंग भिकार. इलेक्ट्रिशियनला दहादा सांगून झालंय.

आतून मोठ्या बाईंचा आवाज आला. मोठ्या बाई म्हणजे आमच्या ग्रंथालयाच्या प्रमुख. त्यांना स्वतःला दिसत नाही, पण या इमारतीत टाचणी पडली तर ती कुठल्या अंगावर पडली ते सांगतील.

"काय झालं रे?"

"वीज, बाई."

"गेली की पडली?"

"गेली."

"अस्सं," बाई म्हणाल्या. "फारच आवाज करून गेली."

गुरुवार

घात झाला.

नीट लिहितो. आमचा सर्व्हर लहान. पुस्तक टेपवर गेलं की सर्व्हरवरून ते पुसायचं. सभासदाने मागितलं की टेपवरून पुन्हा काढायचं. टेपा कपाटभर, प्रत्येकीवर चार-सहा पुस्तकं. कुठलं पुस्तक कुठल्या टेपवर, हे एकालाच ठाऊक असतं: माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमधल्या बॅकअपच्या सॉफ्टवेअरला. त्याच्या पोटात एक कॅटलॉग असतो. सकाळी-सकाळी हे महाशय आदल्या दिवशीच्या नोंदी कॅटलॉगमध्ये लावत बसतात, तेव्हा त्यांना हात लावायचा नसतो.

काल ते नोंदी लावत असतानाच वीज गेली. आज सॉफ्टवेअर उघडलं तर म्हणे, 'कॅटलॉग वाचता येत नाही.' दुरुस्तीचं बटण दाबलं. बराच वेळ विचार करून म्हणे, 'दुरुस्ती झाली. एकूण पुस्तकं: शून्य.'

पुस्तकं सगळी जागच्या जागी आहेत, टेपांना काही झालेलं नाही. फक्त कोण कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही. लग्नाच्या कार्यालयातल्या चपलांसारखं.

बाईंना सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "कॅटलॉगचीसुद्धा एक प्रत टेपवर ठेवतोस ना?"

"ठेवतो ना."

"कुठल्या टेपवर?"

"ते कॅटलॉगमध्ये लिहिलंय."

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "येता सोमवार सोडून पुढच्या सोमवारी विश्वस्त येणार आहेत. तोवर उभं कर. नाहीतर ते बाहेरची कंपनी आणतील, आणि मग तुझ्यासाठी मला काही बोलता येणार नाही."

शुक्रवार

सॉफ्टवेअरवाल्यांच्या मदतकेंद्राला फोन. "आपला कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे," असं एक बाई सकाळपासून म्हणतेय. उच्चार स्वच्छ, पण भाव नाही. आमच्या वाचिकेने हेच वाक्य म्हटलं असतं तर मी जन्मभर फोन धरून बसलो असतो.

शेवटी एक जिवंत माणूस आला. म्हणाला, प्रत्येक टेप मशीनला खायला घाला, 'आयात करा' म्हणा, ते वाचून पुन्हा नोंदी करेल. कॅटलॉगची प्रत कुठे असली तर तीही सापडेल.

"पुस्तकांची नावं परत येतील?"

"तुम्ही दिलेली नावं ना? ती कॅटलॉगमध्येच असतात. आयातीत नाही येत. तारीखही आयात केल्याचीच पडेल."

"मग येतं काय?"

"संच येतात की. आयात संच एक, आयात संच दोन…"

मी फोन ठेवला. रिसीव्हरला थोडी चीर गेली आहे. तो आधीपासूनच नाजूक होता.

तिचाही फोन आला. तिने स्वतःहून केलेला पहिला! "अहो, माझं पुस्तक गेलं का हो? खरं सांगा. किती महिने घसा कोरडा केलाय मी." मी म्हटलं, "माझ्या जिवात जीव आहे तोवर तुमचं पुस्तक जाणार नाही." मग ती म्हणाली, "एवढं नको हो. टेप जपा."

शनिवार

दिवसभर टेपा खायला घालतोय. एक टेप म्हणजे साबणाच्या वडीएवढी, पण मशीन चावून चावून खातं. आज कॅटलॉगची जुनी प्रत सापडली! मी खुर्चीवर उभं राहून ओरडलो. बाई आतून म्हणाल्या, "खुर्ची ग्रंथालयाची आहे."

प्रत लावली. पुस्तकं दिसायला लागली, नावागावासकट. पण प्रत वर्षापूर्वीची निघाली. त्यानंतरची एकही नाही. म्हणजे कॅटलॉगची प्रत काढायचं काम वर्षभर बंदच होतं. ते मी बंद केलं होतं, पण तात्पुरतं. वाचिका येते नेमकी त्याच वेळेला टेपचं मशीन कुरकुरायचं आणि तिच्या आवाजात ती कुरकुर यायची. मग ते पुन्हा सुरू कुणीतरी करायला नको का? अशा हलगर्जीपणाने संस्था बुडतात.

असो. जुनी पुस्तकं परत आली. गेल्या वर्षभरातली तेवढी राहिली, बेनाव. त्यातच तिचं.

रविवार

ताईकडे जेवताना सहज सांगत होतो, की तिचं पुस्तक मंगळवारीच टेपवर गेलेलं असल्यामुळे सुरक्षित आहे, अख्खं फोल्डर गेलंय, त्यातलं सगळं…

घास हातातच राहिला.

बुधवारी मी तो ट्रॅक पुसला तो सर्व्हरवरचा. टेपवर तो मंगळवारीच जाऊन बसलाय. तिच्या पुस्तकाच्या शेपटाला. खुन्याला बेड्या पडतात, आणि लगेच पुढे मी.

"काय रे, मिरची लागली?" ताईने विचारलं.

"याला आतून लागली," भावोजी म्हणाले. "बघ, कान लाल झालेत. शिट्टी होत नाही, म्हणजे नक्कीच काहीतरी अडकलंय."

सोमवार

बाईंनी माझ्या डोक्यावर वरवंटा घातला. त्या म्हणतात, बेनाव संच तू एकटा ऐकत बसलास तर वर्ष जाईल. सभासदांना ऐकायला देऊ. ते आवाजावरून, वाक्यावरून पुस्तक ओळखतील. प्रत्येक संचाची फक्त सुरुवात आणि शेवट ऐकायचा, आणि कोणतं पुस्तक ते आमच्या फोनवर बोलून ठेवायचं.

सुरुवात आणि शेवट.

शेवट!

मी म्हटलं, "बाई, सुरुवात पुरे. शेवट सांगितला तर रहस्यकथांची मजा जाते."

"ऐकणारे आधीच ऐकून बसलेत रे. जजसाहेबांना तर खुनी पहिल्याच प्रकरणात कळतो."

जजसाहेब म्हणजे निवृत्त न्यायाधीश. म्हातारपणी दृष्टी गेली, तेव्हापासून पुस्तकं खातात. दुसऱ्या ऑपरेटर मावशी. आयुष्यभर टेलिफोन खात्यात 'हॅलो' ऐकलं. मी फोन उचलला की बोलायच्या आत म्हणतात, "काय रे, आज न जेवताच आलास का?"

या दोघांच्या कानांवर माझं बालपण पडणार.

मंगळवार

युक्ती काढली. सभासदाकडे पाठवायच्या आधी प्रत्येक संचाचा शेवट मी स्वतः ऐकायचा. सकाळपासून शेवटच ऐकतोय. एका कादंबरीत सगळे मेले, एकीत दोघं आगबोटीवर चढली, एका आरोग्याच्या पुस्तकात शेवटी 'भरपूर पाणी प्या'. मी नाही कुठेच.

"तुझा हात फार हळू चाललाय," बाई म्हणाल्या.

"तपासून देतोय. दर्जा नको का राखायला?"

"एकाएकी?"

गुरुवार

बाकीच्या टेपा झाल्या. एकच उरली. म्हणजे मी त्याच टेपवर आहे, वाचिकेच्या पुस्तकासोबत.

टेपवरचं मधलंच काही पुसता येत नाही. पुसायची तर अख्खी पुसायची. मशीनवर तसं बटण आहे. दाबलं की माझं बालपण, हातोडा, हेल्मेट, सगळं स्वच्छ. तिचं पुस्तकही जाईल, पण ते काय, वीज गेली तेव्हाच खराब झालं होतं म्हणून सांगता येतं. इलेक्ट्रिशियन आहेच.

बोट ठेवलं बटणावर. मग उगाच आठवलं, एकदा तिला सर्दी झाली होती. प्रत्येक पानाआधी ती बाजूला वळून नाक शिंकरायची आणि पुन्हा त्याच पट्टीत वाचायची. तेवढं प्रकरण पुरं करूनच उठली. जाताना मला म्हणाली, "अहो, ऐकणाऱ्याला कळायला नको हो."

बटण फार घट्ट होतं. टेप तशीच मशीनमध्ये राहू दिली. उद्या आयात करून तिच्या पुस्तकाचा शेवटचा ट्रॅक काढून घेतो आणि बाकीचं पाठवतो.

शुक्रवार

सकाळी दाढ ठणकली. डॉक्टरने इतका वेळ तोंड उघडं ठेवायला लावलं की संताप आला तरी ओरडता येईना. परत आलो तर बाई म्हणाल्या, "तुझी शेवटची टेप मीच आयात करवून घेतली. हिशेबनीसांना बसवलं होतं मशीनवर. चार संच निघाले, चौघांना दिले. आटोपलं एकदाचं!"

"कुठला कुणाला?"

"ते काय विचारायचं? ओळखलं की कळेलच."

अर्धवट बधीर तोंडाने मी चौघांना फोन केले. डोकं शांत ठेवून. फोन करताना डोकं शांत ठेवलं हे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

जजसाहेबांना म्हटलं, "साहेब, एक सूचना. तुमच्या संचाचा शेवटचा ट्रॅक खराब आहे. तो ऐकू नका."

"खराब म्हणजे कसा?"

"कानाला त्रास होतो."

"मी हयातभर वकील ऐकलेत बाळा."

"नाही साहेब, हे त्याहून वाईट आहे."

"अच्छा?" साहेब म्हणाले. त्यांच्या खुर्चीचा आवाज आला. पुढे सरकून बसले असावेत.

ऑपरेटर मावशींनी तर मला बोलूच दिलं नाही. "तोंडात कापूस आहे का रे? आणि एवढा घाबरलास कशाने? ट्रॅक खराब आहे की तू?"

"ट्रॅक, मावशी. शेवटचा. अजिबात ऐकू नका."

"बरं हो, नाही ऐकत," मावशी म्हणाल्या. इतक्या चटकन कधी कबूल होत नाहीत. गुणी बाई.

बाकी दोघांनाही बजावलं. चौघांनी कबूल केलं. आता कसली काळजी नाही. पहिल्यांदाच निवांत झोपणार.

शनिवार

सभासद आज फार प्रेमाने वागतायत. कॅटलॉगच्या गडबडीत मी किती राबलो ते त्यांना कळलं असावं.

जजसाहेबांनी स्वतः फोन केला. इकडचं तिकडचं बोलून म्हणाले, "पोरा, बोलताना माणसाने मुद्द्यावर लवकर यावं. बालपण फार लांबवू नये." मी म्हटलं, कुठल्या पुस्तकाबद्दल म्हणताय? म्हणाले, "आहे एक. अजून छापलेलं नाही."

मावशी म्हणाल्या, "घशाला गरम पाणी देत जा. आवाज चांगला आहे तुझा. रागावतोस तेव्हा मात्र फाटतो." मी विचारलं, माझा आवाज तुम्हाला फोनवरून एवढा कळतो? मावशींना खोकला आला. बराच वेळ येत राहिला.

बाकीच्या दोघांपैकी एकाने विचारलं, तो हातोडा पुढे सापडला का? गावभर गेलीय वाटतं हातोड्याची गोष्ट. ताईचं तोंड!

बाईंनी सुताराला बोलावून माझ्या टेबलाखालचा एक्स्टेन्शन बोर्ड भिंतीवर, माझ्या डोक्याच्याही वर बसवून घेतला. म्हणाल्या, "वीज तिथूनच जाते ना, म्हणून." शेवटी कुणीतरी वायरिंगकडे लक्ष दिलं.

आणि आज खिडकीतून तिची स्कूटर जाताना पाहिली. एकटी! पुढच्या पाटीवरचं लाल अक्षर खरवडून काढलेलं. संबंध तुटलेले दिसतात. वाईट वाटायला हवं होतं.

सोमवार, दुपार

विश्वस्त येऊन गेले. कॅटलॉग उभा आहे. एकेका पुस्तकाला पुन्हा नाव लागलं. विश्वस्तांनी चहा घेतला, माझ्या खांद्यावर थोपटलं. बाहेरच्या कंपनीचा विषय निघालाच नाही.

ते गेल्यावर बाईंनी मला बोलावलं. "एका संचाचं सांगायचं राहिलंय. त्याच्यावर दोघांनी बोलून ठेवलंय. ऐक."

"दोघांनी कसं? एक संच एकाला दिला होता ना?"

"मावशींना इतका आवडला की त्यांनी फोनवरून जजसाहेबांना ऐकवला. मग बाकीच्यांनीही मागून घेतला. तू सगळ्यांना फोन करून 'ऐकू नका' म्हणालास म्हणे. तुझ्याइतकी जाहिरात आपल्या कुठल्याच पुस्तकाची कुणी केली नव्हती."

त्यांनी बटण दाबलं. मावशींचा आवाज आला, अगदी जुन्या टेलिफोन खात्यातला:

"पुस्तक ओळखलं. वाचणारी आपली गोड गळ्याची मुलगी. खून भाच्याने केला. शेवटी एक जादा ट्रॅक आहे, वाचणारा मुलगा. श्वास जागच्या जागी घेतो, शब्द गिळत नाही, ऐकणाऱ्याला धरून ठेवतो. मजकूर सुमार. हेल्मेटचा भाग कापावा. वाचक म्हणून घ्यायला हरकत नाही."

पाठोपाठ जजसाहेब: "पूर्ण ऐकला. दोनदा. हेल्मेटविरुद्ध पुरावा शून्य. बाकी आरोपी खरं बोलतोय."

मला वाटलं जमीन फाटावी. फाटली नाही. टेबलाकडे बघितलं. लाथ मारून उपयोग नव्हता, बोर्ड वर गेला होता.

"उद्यापासून वाचायला बसायचं," बाई म्हणाल्या. "रहस्यकथेचा दुसरा भाग. सभासदांनी तुझंच नाव दिलंय. यंत्रावर काचेअलीकडे दुसरं कुणीतरी बसेल."

"कोण?"

"पुस्तकाच्या शेवटाची तपासणी जिची राहिली होती ती. काल येऊन करून गेली."

"पूर्ण केली?"

"ती कामात कसूर करत नाही," बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच मोठ्याने हसल्या.

मंगळवार

घाईत लिहितो.

मी आत, स्पंजच्या खोलीत. ती बाहेर, माझ्या खुर्चीत, माझा हेडफोन लावून. पाण्याचा पेला तिनेच आणून ठेवला होता. पुस्तक उघडलं. अक्षरं नाचत होती.

माइकवर तिचा आवाज आला, फक्त माझ्या कानात:

"सुरू करायच्या आधी एक विचारू?"

मी मान हलवली.

"माझे स्कूटरचे सर तुझं काय घेऊन पळाले होते? निर्लज्ज, निर्लज्ज, निर्लज्ज! बिचाऱ्यांना दोन नातवंडं आहेत. शनिवारी माझं लायसन्स आलं, तेव्हा पेढे वाटले त्यांनी."

लाल अक्षर, शिकाऊचा 'एल'. मागे बसणं. हँडलकडे हात. सगळं एकदम डोक्यात लागलं, कॅटलॉगमध्ये नोंदी लागाव्यात तसं. आणि त्याच्याही आधी दुसरंच काहीतरी लागलं होतं. 'तुझं' म्हणाली. अहो नाही. तू.

मी म्हटलं, "ते… मी रागात… म्हणजे रागात नाही, पण ते हेल्मेट… आणि तुम्ही… तू… बाकीचं मात्र सगळं…"

तिने काचेपलीकडून हात वर केला. अगदी मी करायचो तसा. चेहरा गंभीर, पण ओठांची टोकं तिला आवरत नव्हती.

"पूर्णविरामापासून," ती म्हणाली.

मी पाण्याचा घोट घेतला, श्वास जागच्या जागी घेतला, आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी बालपण वगळून.